नोटिशीच्या धाकाने मरणाऱ्या बातम्या : ब्रिटनच्या संसद सदस्यांना खुले पत्र

लेस्टर, नोव्हेंबर २०२५

प्रति,
हाउस ऑफ कॉमन्स व हाउस ऑफ लॉर्ड्सचे सन्माननीय सदस्य,
वेस्टमिन्स्टर, लंडन

विषय : जनहिताची पत्रकारिता दडपण्यासाठी लावल्या जाणाऱ्या दाव्यांविरुद्ध स्वतंत्र आणि व्यापक कायदा करण्याबाबत

महोदय, महोदया,

मी लेस्टरमध्ये राहणारा मराठी माणूस आहे. महाराष्ट्रातील एका दैनिकात उपसंपादक म्हणून बरीच वर्षे काम केल्यानंतर मुलीच्या मागोमाग मी या देशात आलो. माझ्याकडे अजूनही भारतीय पासपोर्ट आहे, परंतु राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने आपल्याला निवडून देण्याचा हक्क येथील कायद्यानेच मला दिलेला आहे. (लॉर्ड्सच्या सदस्यांनी हे वाक्य आपल्यापुरते सोडून द्यावे.) या पत्राची इंग्रजी प्रत माझ्या मतदारसंघाच्या खासदारांकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते अशासाठी प्रसिद्ध करीत आहे की, लंडन, लेस्टर किंवा बर्मिंगहॅम येथील जे मराठी मतदार गणेशोत्सवात खासदारांना आग्रहाने बोलावतात आणि त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात, त्यांनीही पुढच्या भेटीत हा प्रश्न त्यांना विचारावा.

रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेच्या २०२५ च्या निर्देशांकात वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या बाबतीत १८० देशांमध्ये ब्रिटन २० वा आहे आणि भारत १५१ वा. एकशे एकावन्नाव्या देशातून आलेल्या माणसाने विसाव्या देशाला चार गोष्टी सांगाव्यात हे काहींना आगाऊपणाचे वाटेल, आणि माझ्या घरातच तसे बोलून दाखवले गेले आहे. तरीही मी लिहीत आहे. याचे कारण असे की, भारतात बातमीदारावर जे संकट येते ते सहसा डोळ्यांना दिसते. त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, त्याला अटक होते, क्वचित त्याचा जीवही जातो आणि निदान त्याची बातमी तरी होते. ब्रिटनमध्ये पत्रकाराच्या दारात सहसा पोलिस येत नाहीत, वकिलाचे पत्र येते. त्या पत्रामुळे बातमी छापण्याआधीच मरते, आणि न छापलेल्या बातमीची मोजदाद करण्याची सोय कोणत्याही निर्देशांकात नाही.

हे कसे घडते ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. निवृत्तीनंतर मी एका छोट्या स्थानिक वृत्तसंकेतस्थळावर मजकूर तपासण्याचे काम हौसेने करतो. तेथील एका तरुण बातमीदाराने भाड्याच्या घरांतील ओल, बुरशी आणि बंद पडलेल्या हीटिंगबद्दल एका घरमालक कंपनीवर बातमी तयार केली. भाडेकरूंचे जबाब, छायाचित्रे, कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, केलेल्या तक्रारींच्या प्रती असे सारे तिच्याकडे होते. रिवाजाप्रमाणे तिने कंपनीला तिची बाजू मांडण्यासाठी प्रश्न पाठवले. प्रश्नांना उत्तर आलेच नाही. आले ते लंडनच्या एका सॉलिसिटर फर्मचे कित्येक पानी पत्र. वर ठळक अक्षरांत ‘गोपनीय, प्रसिद्धीसाठी नाही’ असा शिक्का. आत प्रत्येक वाक्यावर आक्षेप, अब्रुनुकसानी आणि खासगीपणाचा भंग यांचा धाक, भाडेकरूंनी कागदपत्रे कोठून आणली याची चौकशी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत लेखी हमी न दिल्यास पुढील सूचना न देता कोर्टात जाण्याचा इशारा. बातमीतील एकही गोष्ट खोटी असल्याचा पुरावा त्या पत्रात नव्हता. आमच्या संपादकाने एका वकिलाचा सल्ला घेतला. ‘तुमची बाजू भक्कम आहे, पण भक्कम आहे हे सिद्ध करण्याचा खर्च तुमचे संकेतस्थळ विकूनही भागणार नाही,’ असे तो म्हणाला. बातमी मारली गेली. इंग्लंडात अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची मुदत प्रसिद्धीपासून एक वर्षाची आहे; म्हणजे ती छापली असती तर पुढचे वर्षभर टांगती तलवार डोक्यावर ठेवूनच आम्हाला काम करावे लागले असते.

आपल्यापैकी जे कायदेपंडित आहेत त्यांना यातील गणित माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. इंग्लंडच्या कायद्यात मजकूर खरा असल्याचे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर आहे. अशा दाव्यात सरकारी कायदेशीर मदत मिळत नाही असे म्हटले तरी चालेल. मॅकडोनाल्ड्सने दोन सामान्य कार्यकर्त्यांवर लावलेला दावा तीनशेहून अधिक दिवस न्यायालयात चालला आणि इंग्लंडच्या इतिहासातील सर्वांत लांबलेला खटला ठरला. त्या दोघांना कायदेशीर मदत नाकारणे हे न्याय्य सुनावणीच्या आणि अभिव्यक्तीच्या हक्काचे उल्लंघन होते, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये ब्रिटनच्या विरोधात दिला. त्यालाही आता वीस वर्षे झाली. वकिलांचा ताशी दर तेव्हापासून कमी झालेला नाही.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना या गणिताचा उपयोग कसा करायचा हे नेमके कळलेले आहे. रशियातील सत्तावर्तुळ आणि पैसा यांवर कॅथरीन बेल्टन यांनी लिहिलेल्या पुस्तकावरून २०२१ मध्ये लेखिका किंवा हार्परकॉलिन्स ही प्रकाशन संस्था यांच्याविरुद्ध लंडनच्या न्यायालयात एकापाठोपाठ एक दावे दाखल झाले. त्यांत रशियन धनाढ्य रोमान अब्रामोविच होते आणि रोझनेफ्ट ही रशियाची सरकारी तेल कंपनीही होती. ते दावे तडजोडीने किंवा माघारीने मिटले, खटला पूर्ण चाललाच नाही. तरीही प्रकाशकाला सुमारे १५ लाख पौंड खर्च आला. जगातील मोठ्या प्रकाशन संस्थांपैकी एक असल्यामुळे तिने तो सोसला. टॉम बर्गिस या पत्रकारावर आणि त्याच्या प्रकाशकावर ईएनआरसी या खाण कंपनीने लावलेला दावा मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने फेटाळला. ही उदाहरणे आपण चर्चेत वारंवार दिलेली आहेत. पण ती बचावलेल्यांची उदाहरणे आहेत, त्यांच्यामागे बळ होते म्हणून आपल्याला त्यांची नावे माहीत आहेत.

मला यापेक्षा जास्त अस्वस्थ करते ते एलियट हिगिन्स यांचे प्रकरण. बेलिंगकॅट या शोधपत्रकारितेच्या संस्थेचे ते संस्थापक. वॅग्नर या भाडोत्री सैन्यामागे येव्गेनी प्रिगोझिन असल्याचे त्यांच्या संस्थेने पुराव्यांनिशी दाखवले होते. प्रिगोझिन याने २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयात दावा लावला, आणि तोही संस्थेवर न लावता हिगिन्स यांच्यावर व्यक्तिशः. त्या वेळी हा मनुष्य ब्रिटनच्याच आर्थिक निर्बंधांखाली होता. म्हणजे सरकारची परवानगी असल्याशिवाय येथील कोणालाही त्याच्याकडून पैसे घेता येत नव्हते. ती परवानगी मिळाली. ब्रिटनच्या अर्थखात्याने त्याच्या वकिलांना त्याच्याकडून फी घेता यावी म्हणून परवाने दिले, ही गोष्ट ओपनडेमोक्रसी या संकेतस्थळाने जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आणली तेव्हा संसदेतही खळबळ झाली होती. मधल्या काळात युक्रेनवर आक्रमण झाले, वकिलांनी काम सोडले, मे २०२२ मध्ये दावा निकालात निघाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द प्रिगोझिन याने वॅग्नर आपणच स्थापन केल्याचे जाहीर करून टाकले. म्हणजे ज्या विधानाबद्दल दावा होता ते वादीनेच खरे ठरवले. हिगिन्स यांच्या हाती उरले ते सुमारे ७० हजार पौंडांचे बिल. २०२३ मध्ये अर्थखात्याने परवान्यांचे धोरण बदलले हे खरे आहे, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण त्यामुळे जे निर्बंधांखाली आहेत तेवढ्यांचीच वाट अडली. ज्यांच्यावर निर्बंध नाहीत आणि ज्यांच्याकडे पैसा आहे, ते सारे बाहेरच आहेत.

हा रोग रशियन श्रीमंतांनी येथे आणला असे आपल्या भाषणांतून कधीकधी सूचित होते. ते सोयीचे आहे, पण खरे नाही. रॉबर्ट मॅक्सवेल हे हाउस ऑफ कॉमन्सचेच सदस्य राहिलेले वृत्तपत्रमालक. त्यांच्या व्यवहारांबद्दल लिहू पाहणाऱ्यांवर त्यांनी आयुष्यभर दाव्यांचा वर्षाव केला, आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर मिरर समूहाच्या कामगारांच्या पेन्शन फंडातून शेकडो दशलक्ष पौंड नाहीसे झाल्याचे बाहेर आले. लंडनच्या हॅरॉड्स या दुकानाचे तेव्हाचे मालक मोहम्मद अल फायेद यांच्या वर्तनाबद्दल व्हॅनिटी फेअर मासिकाने १९९५ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांनी दावा लावला. १९९७ मध्ये तडजोड झाली आणि विषय मिटला. अनेक स्त्रियांनी त्यांच्याविरुद्ध केलेले लैंगिक अत्याचाराचे आरोप बीबीसीने प्रसारित केले ते सप्टेंबर २०२४ मध्ये, फायेद यांच्या मृत्यूला वर्ष उलटून गेल्यावर. इंग्लंडात मृत व्यक्तीची अब्रुनुकसानी होत नाही. त्यामुळे येथील कित्येक सत्ये बाहेर येण्यासाठी अंत्यविधीची वाट पाहतात.

बाहेरच्या जगाला हे फार पूर्वी उमगले. रेचल एरेनफेल्ड या अमेरिकेतील लेखिकेच्या पुस्तकाच्या अवघ्या २३ प्रती ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या होत्या, तेवढ्या आधारावर सौदी उद्योगपती खालिद बिन महफूझ यांनी तिच्यावर लंडनमध्ये दावा लावून निकाल मिळवला. त्यावर आधी न्यूयॉर्क राज्याने आणि २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला की, अमेरिकेतील अभिव्यक्तीच्या संरक्षणाशी न जुळणारे असे परदेशी निकाल अमेरिकेत अमलात येणार नाहीत. आपल्या सर्वांत जवळच्या मित्रदेशाला आपल्या न्यायालयांपासून स्वतःच्या नागरिकांचे रक्षण करण्यासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट लंडनला भूषणावह नाही. ब्रिटनमध्ये २०१३ च्या अब्रुनुकसानी कायद्याने बाहेरच्या प्रतिवादींना येथे खेचण्यावर बंधन आले, गंभीर नुकसान दाखवण्याची अट आली, जनहिताचा बचाव आला. तो कायदा चांगला आहे. परंतु फॉरिन पॉलिसी सेंटर या अभ्याससंस्थेने २०२० मध्ये ४१ देशांतील ६३ शोधपत्रकारांची पाहणी केली, तेव्हा त्यांना स्वदेशाबाहेरून येणाऱ्या कायदेशीर धमक्यांमध्ये ब्रिटनचा क्रमांक पहिला लागला. माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गॅलिझिया यांची ऑक्टोबर २०१७ मध्ये बॉम्बस्फोटाने हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक अब्रुनुकसानीचे दावे प्रलंबित होते, आणि त्यांना धमकावणाऱ्या पत्रांमध्ये लंडनच्या वकिलांचीही पत्रे होती.

मराठी वाचकांना लंडनच्या अब्रुनुकसानी न्यायालयाची ओळख करून द्यावी लागत नाही. लोकमान्य टिळक ब्रिटिश पत्रकार सर व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्धचा दावा चालवण्यासाठी १९१८ मध्ये येथे आले, १९१९ च्या आरंभी तो हरले, आणि त्या खर्चाने ते इतके अडचणीत आले की महाराष्ट्रातील लोकांना त्यांच्यासाठी निधी उभारावा लागला. टिळक त्यात वादी होते, त्यामुळे ते प्रकरण येथे तंतोतंत लागू पडत नाही याची मला जाणीव आहे. पण ज्या माणसाला मंडालेची सहा वर्षे वाकवू शकली नाहीत, त्याला लंडनच्या वकिलांच्या बिलाने घायकुतीला आणले, एवढे आमच्याकडे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. ज्या राजद्रोहाच्या कलमाखाली त्यांना मंडालेला धाडले, त्या धर्तीचा गुन्हा आपण स्वतःच्या देशातून २००९ च्या कायद्याने काढून टाकला. बिलाची व्यवस्था मात्र कायम आहे.

ग्रेनफेल टॉवरबद्दल मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण येथे उद्योगपती किंवा परदेशी नेते कोणी नाहीत. लंडनच्या उत्तर केन्सिंग्टनमधील या २४ मजली इमारतीचे रहिवासी आपल्या ब्लॉगवर वर्षानुवर्षे आगीच्या धोक्याबद्दल, वीजपुरवठ्यातील बिघाडांबद्दल, अग्निशमन दलाच्या गाड्यांची वाट अडवणाऱ्या बांधकामाबद्दल लिहीत होते. २०१३ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्याला कौन्सिलच्या वकिलाकडून पत्र गेले की, हे लिखाण अब्रुनुकसानी आणि छळ ठरू शकते. लोकनियुक्त कौन्सिलला अब्रुनुकसानीचा दावा लावताच येत नाही, हे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये डर्बीशायर कौन्सिलच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. पत्र पाठवायला मात्र दावा जिंकावा लागत नाही, दावा लावावाही लागत नाही. रहिवासी तरीही लिहीत राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी लिहिले की, एखादा मोठा अनर्थ होईपर्यंत आमच्या व्यवस्थापनाचा नाकर्तेपणा कोणाच्या लक्षात येणार नाही. १४ जून २०१७ च्या रात्री आग लागली आणि ७२ माणसे मेली. एखाद्या वृत्तपत्राने या तक्रारी आधीच धसास लावल्या असत्या तर आग टळली असती असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्यांना धोका दिसत होता त्यांना गप्प बसवण्याचे साधन कौन्सिलच्या हाताशी होते आणि ते वापरले गेले.

आता २०२३ च्या आर्थिक गुन्हे व कंपनी पारदर्शकता कायद्याकडे येतो. तोंड बंद करणाऱ्या दाव्यांची व्याख्या त्यात प्रथमच झाली आणि ते लवकर निकालात काढण्याचा मार्ग दाखवला गेला, म्हणून त्याचे स्वागत झाले. पण त्याची व्याप्ती आर्थिक गुन्ह्यांशी संबंधित मजकुरापुरती आहे. फायेद यांच्यावरील बातमी त्यात बसत नाही. ग्रेनफेलचा ब्लॉग बसत नाही. आमच्या बातमीदाराची बुरशी लागलेली घरे तर नाहीतच. रुग्णालयातील हलगर्जी, नद्यांत सोडले जाणारे सांडपाणी, कामाच्या ठिकाणचा छळ, धर्मसंस्थांतील गैरप्रकार यांपैकी काहीही त्यात येत नाही. शिवाय एखादा मजकूर आर्थिक गुन्ह्याशी संबंधित आहे की नाही यावरच दोन्ही बाजूंचे वकील वाद घालणार, आणि त्या वादाचे तासही बिलात धरले जाणार. ही उणीव भरून काढण्यासाठी तेव्हाचे खासदार वेन डेव्हिड यांनी आणलेले खासगी विधेयक मे २०२४ मध्ये संसद बरखास्त झाल्यामुळे बारगळले. निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने, विरोधी पक्षात असताना अशा कायद्याची मागणी करूनही, त्याच वर्षी चालू अधिवेशनात तो करण्याचा विचार नसल्याचे सांगितले. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने असा कायदा २०१५ मध्ये केला. युरोपीय संघाने डॅफ्नी यांच्या नावाने ओळखला जाणारा निर्देश २०२४ मध्ये संमत केला. ब्रिटन त्या संघात असते तर तो आपल्यालाही पाळावा लागला असता.

या मागणीवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला पटण्याजोगा वाटतो, म्हणून त्याला बगल देत नाही. येथील वृत्तपत्रे काही साधुसंत नाहीत. मृत मुलीच्या फोनमधील निरोप चोरून ऐकणारे न्यूज ऑफ द वर्ल्ड याच देशात निघत होते आणि २०११ मध्ये ते बंद करण्याची वेळ आली. ब्रिस्टलमधील एका निवृत्त शिक्षकाला, तो निर्दोष असताना, २०१०-११ च्या हिवाळ्यात अनेक वृत्तपत्रांनी जवळजवळ खुनी ठरवले होते. त्याला न्याय मिळाला तो अब्रुनुकसानीच्या कायद्यामुळेच. अशा माणसासाठी न्यायालयाचे दार उघडे राहिलेच पाहिजे. पत्रकार कॅरोल कॅडवॉलाडर यांच्यावर उद्योगपती अॅरन बँक्स यांनी लावलेल्या दाव्यातही न्यायमूर्ती स्टेन यांनी जून २०२२ मध्ये जनहिताचा बचाव मान्य केला, पण हा दावा निव्वळ तोंड बंद करण्यासाठी होता असे म्हणणे योग्य नाही असेही नोंदवले. पुढे अपिलात एका मुद्द्यावर बँक्स जिंकले, त्यांना ३५ हजार पौंडांची भरपाई मिळाली आणि त्यांच्या खर्चाचा मोठा वाटा पत्रकारावर पडला. त्या निकालाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मला एवढेच दिसते की, भरपाईची रक्कम ३५ हजार होती आणि ज्या रकमेने माणूस आयुष्यातून उठावा ती रक्कम खर्चाची होती.

म्हणून मागणी दावे बंद करण्याची नाही. मजकूर जनहिताचा असेल तर आरंभीच, मोठा खर्च होण्याआधी, वादीने आपला दावा टिकण्याजोगा असल्याचे न्यायाधीशांना दाखवावे. दाखवता आले नाही तर दावा तेथेच संपावा. दाव्यामागे धाक घालण्याचा हेतू दिसला तर खर्च वादीने सोसावा. आणि दावा पुढे चालला तरी प्रतिवादीवर पडू शकणाऱ्या खर्चाला आधीच मर्यादा घातलेली असावी. ब्रिस्टलचा तो शिक्षक ही पहिली पायरी सहज ओलांडून गेला असता. प्रिगोझिन याला ती ओलांडता आली नसती. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी या वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये वकिलांना सावधगिरीची सूचना दिली आणि पत्रांवर ‘गोपनीय’चे शिक्के वाटेल तसे मारू नयेत असे बजावले; आम्हाला आलेले पत्र त्यानंतरचे आहे. सूचनेने हे भागत नाही.

हेतूच्या प्रश्नावर एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट आहे. वादीच्या मनात काय होते हे प्रतिवादीने सिद्ध करावे अशी अट कायद्यात घातली, तर त्यासाठीच पुन्हा साक्षीपुरावा आणि महिनोन्महिने लागतील. २०२३ च्या कायद्यात हा धोका आहे. नवे विधेयक लिहिताना दाव्याच्या स्वरूपावरून, म्हणजे अवाजवी रकमेची मागणी, संस्थेऐवजी व्यक्तीवर लावलेला दावा, एकाच मजकुरावर अनेक ठिकाणी केलेली कार्यवाही यांवरून, न्यायाधीशांना निष्कर्ष काढता येईल अशी शब्दयोजना असावी.

खर्चाच्या या प्रश्नाला लागून आणखी दोन गोष्टी आहेत. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये असे ठरवले की, गुन्ह्याच्या तपासाखाली असलेल्या माणसाला आरोप दाखल होईपर्यंत सर्वसाधारणपणे खासगीपणाची अपेक्षा ठेवता येते. यामुळे धमकीच्या पत्रांत अब्रुनुकसानीच्या जोडीला खासगीपणाचा मुद्दा आता हमखास असतो, आणि तेथे मजकूर खरा आहे हे उत्तर पुरेसे ठरत नाही. नव्या कायद्याचे संरक्षण केवळ अब्रुनुकसानीपुरते ठेवले तर वकील दुसऱ्या दाराने येतील.

दुसरी गोष्ट माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाची. उत्तर आयर्लंडमधील लॉकिनआयलंड येथे जून १९९४ मध्ये फुटबॉलचा सामना पाहत बसलेल्या सहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्या गुन्ह्यात आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. त्यावर माहितीपट करणारे ट्रेव्हर बर्नी आणि बॅरी मॅकॅफ्री यांच्याच घरांवर ऑगस्ट २०१८ मध्ये पहाटे छापे पडले. मारेकरी मोकळे आणि पत्रकार कोठडीत असा तो प्रकार होता. छाप्यांचे वॉरंट न्यायालयात टिकले नाही, पोलिसांना ८ लाख ७५ हजार पौंड भरपाई द्यावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये अन्वेषण अधिकार न्यायाधिकरणाने निकाल दिला की, पत्रकारांचे सूत्र शोधण्यासाठी त्यांच्यावर ठेवलेली पाळत बेकायदा होती. अशा पाळतीची बातमी कानावर गेल्यावर कोणता पोलिस, कोणती परिचारिका किंवा कोणता कारकून पत्रकाराला फोन करील? सरकारी गोपनीयतेच्या कायद्यात जनहिताचा बचाव असावा अशी शिफारस कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनने २०२० मध्ये केली होती. आपण २०२३ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा केला तेव्हा ती बाजूला ठेवली.

काही सदस्य म्हणतात की, खरी अडचण कायद्याची नसून धंद्याची आहे. जाहिराती गूगल आणि फेसबुककडे गेल्या, स्थानिक वृत्तपत्रे शेकड्यांनी बंद पडली, तेथे कायदा काय करणार? धंद्याची अडचण खरी आहे. पण या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या नाहीत. टपाल कार्यालयांच्या होरायझन संगणकप्रणालीतील दोषांमुळे चोर ठरवल्या गेलेल्या सात सबपोस्टमास्तरांची कहाणी मे २००९ मध्ये कॉम्प्युटर वीकली या व्यवसायविषयक नियतकालिकाने छापली. नऊशेहून अधिक निरपराध माणसांना शिक्षा झाल्या होत्या, त्यांत आपल्या भारतीय वंशाच्या दुकानदारांची संख्या मोठी होती. छोट्या नियतकालिकाने बलाढ्य संस्थेवर बोट ठेवायचे तर पगार द्यायला जेवढे लागतात त्याहून जास्त पैसे वकिलासाठी राखून ठेवावे लागतात, आणि ज्यांच्याकडे पगारालाच नाहीत ते बोट मागे घेतात. खर्चाला मर्यादा घालण्याला सरकारी तिजोरीतून काही द्यावे लागत नाही, एवढे तरी अर्थखात्याच्या लक्षात आणून द्यावे.

माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. सर्व जनहिताच्या विषयांना लागू होईल असे स्वतंत्र सरकारी विधेयक पुढील अधिवेशनाच्या कार्यक्रमात घ्यावे यासाठी आपण न्यायमंत्र्यांना लेखी विचारणा करावी, आणि त्यांचे उत्तर आपल्या मतदारांना कळवावे. ते घेतले गेले नाही, तर वेन डेव्हिड यांचे विधेयक व्याख्येतील वर सांगितलेली दुरुस्ती करून आपल्यापैकी कोणीतरी पुन्हा मांडावे. खासगी विधेयकांच्या सोडतीत ज्यांचा क्रमांक वर लागेल त्यांनी याला अग्रक्रम द्यावा. लॉर्ड्सच्या सदस्यांनी, न्यायालयीन प्रक्रियेसंबंधी पुढे जे कोणते विधेयक येईल त्यात खर्चाच्या मर्यादेची दुरुस्ती सुचवावी. माझ्या मतदारसंघाच्या खासदारांकडे मी भेटीची वेळ मागितली आहे. घरमालक कंपनीवरील ती बातमी मी सोबत नेणार आहे. ती प्रसिद्ध करता येत नाही, पण आपल्या खासदाराला दाखवता येते.

कळावे,

आपला विश्वासू,
लेस्टरमधील एक मराठी मतदार व निवृत्त उपसंपादक